पाणी थांबवणारे हात

वऱ्हाडातील खामगाव हे कापसाची पेठ म्हणून फार वर्षांपासून प्रसिद्ध आहे. १८७० साली हिंदुस्थानचे तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव या छोट्याशा लोहमार्गाचे उद्घाटन झाले. मुख्य मार्गापासून गावापर्यंत मुद्दाम एक फाटा काढावा, एवढे महत्त्व या गावाला कापसामुळेच आले होते. येथील कापूस या मार्गाने मुंबईच्या बंदराकडे जाई. पुढे गावात सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. चांदीच्या व्यापारामुळेही खामगावचे नाव दूरवर पोचले. तथापि, या साऱ्या वैभवाचे मूळ शोधू गेल्यास ते बाजारात सापडत नाही. ते गावाबाहेर, काळ्या मातीच्या शिवारात सापडते. आणि त्या शिवाराचे मूळ पावसात.

खामगावच्या आसपासची बहुतेक शेती कोरडवाहू आहे. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून पेरणी करावयाची आणि मग चार महिने आकाशाची मर्जी सांभाळावयाची, हा येथील शेतकऱ्याचा नित्याचा क्रम होय. पाऊस वेळेवर आला तर झाड वाढते, पाते-फुले धरतात, बोंडे भरतात. मध्येच तीन-चार आठवड्यांचा खंड पडला, तर पाते गळते. बोंडे फुटण्याच्या सुमारास मुसळधार पाऊस झाला, तर हाती आलेला कापूस झाडावरच काळवंडतो. शेतकऱ्याचे घर, हमालाची मजुरी, कारखान्यातील काम, दुकानदाराची विक्री आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च हे सारे या एका पावसाच्या दोरीला बांधलेले असते.

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग मानतात: एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. खामगाव, मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव हे तालुके घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्याकडे उतरतात. डोंगराच्या उतारावर पडलेले पाणी ओढ्या-नाल्यांतून भराभर खाली धावते आणि पूर्णेला मिळून जिल्ह्याबाहेर निघून जाते. खोऱ्याच्या काही भागांत, विशेषतः शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत, जमिनीखालचे पाणी खारे आहे. त्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. तेथे विहीर खोल नेली तरी गोड पाणी लागेलच असे नाही. अशा मुलखात आकाशातून पडणारे गोड पाणी किती मोलाचे, हे सांगावयास नकोच.

पाऊस पूर्वीही लहरीच होता. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी महाराष्ट्रातील वडीलधारी माणसे अद्याप सांगतात. मग अलीकडे वेगळे असे काय घडत आहे? ते समजण्यासाठी प्रथम पृथ्वीभोवतीच्या हवेची गोष्ट समजून घेतली पाहिजे.

थंडीच्या दिवसांत आई मुलाच्या अंगावर गोधडी घालते. गोधडी स्वतः तापत नाही. अंगातली ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. पृथ्वीभोवतीच्या हवेतील कर्बवायू हेच काम करतो. सूर्याच्या उष्णतेने तापलेली जमीन ती उष्णता परत आकाशात सोडू लागते, आणि हा वायू तिच्यातील काही भाग अडवून धरतो. ही गोधडी मुळीच नसती, तर पृथ्वी बर्फाप्रमाणे गारठली असती. पण ती जाड होत गेली, तर पृथ्वी उबेऐवजी तापू लागते. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी, यंत्रांचे युग सुरू होण्याआधी, हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे प्रमाण सुमारे २८० भाग होते. त्यानंतर माणसाने दगडी कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळण्यास आरंभ केला, अरण्ये तोडली, आणि हे प्रमाण ४२० भागांच्याही वर गेले. २०२४ हे वर्ष यंत्रयुगाच्या आरंभीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण ठरले. भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत ते सर्वांत उष्ण वर्ष होते.

दीड अंश ही वाढ कानाला लहान वाटते. परंतु हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. ही हवा मोठ्या झोळीसारखी असते. झोळी भरण्यास वेळ लागतो, म्हणून पावसात खंड पडतात. आणि ती रिती होते तेव्हा एकदम होते, म्हणून थोड्या तासांत धो धो पाऊस कोसळतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. बुलढाणा जिल्ह्यानेही ही दोन्ही टोके पाहिली आहेत. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात या जिल्ह्यातील अनेक तालुके होते. पाचच वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, याच जिल्ह्यातील जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आले. पिके गेली आणि जमिनी खरवडून निघाल्या.

म्हणजे प्रश्न केवळ पाऊस कमी पडण्याचा नाही. पडणारा पाऊस थोड्या दिवसांत घाईघाईने पडतो आणि तितक्याच घाईने वाहून जातो, हा खरा प्रश्न आहे. जाताना तो सुपीक मातीही बरोबर नेतो. पावसाळ्यात ज्या गावाच्या नाल्याला पूर येतो, त्याच गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

या संकटापुढे दोन प्रकारची कामे उभी राहतात. पहिले, गोधडी आणखी जाड होऊ न देणे. म्हणजे कोळसा व तेल कमी जाळणे, सूर्य व वारा यांपासून वीज मिळवणे, झाडे राखणे. हे काम साऱ्या जगाने मिळून करावयाचे आहे. दुसरे काम, जो बदल होऊन चुकला आहे त्याला तोंड देण्याची शक्ती आपल्या गावात निर्माण करणे. हे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. दिल्लीत किंवा परदेशात भरलेली परिषद मोताळ्याच्या नाल्यावर बांध घालू शकत नाही.

ही दोन्ही कामे करण्यास तरुण पुढे आले, हे स्वाभाविकच होते. जो आज बारा वर्षांचा आहे, तो या शतकाच्या मध्यावर चाळिशीच्या आत असेल. वडीलधाऱ्यांनी तापवलेल्या पृथ्वीवर सर्वाधिक काळ राहावयाचे आहे ते त्यालाच. २० ऑगस्ट २०१८ रोजी स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम येथे ग्रेटा थुनबर्ग नावाची पंधरा वर्षांची मुलगी शाळेत न जाता संसदेबाहेर एकटीच फलक घेऊन बसली. हवामानाच्या प्रश्नाकडे राज्यकर्त्यांनी लक्ष द्यावे, एवढीच तिची मागणी होती. वर्षभरात जगातील अनेक देशांतील लक्षावधी मुले रस्त्यावर उतरली. पहिल्या प्रकारच्या कामाची निकड मोठ्यांना पटवून देण्याचा हा प्रयत्न होता.

त्याच वर्षी, तिच्याही काही महिने आधी, खामगावच्या पश्चिमेस मोताळा तालुक्यात दुसऱ्या प्रकारच्या कामाला हात लागले होते. तेथे फलक नव्हते. टिकाव, फावडी आणि घमेली होती.

हे काम काय होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर जमीन. तिच्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी होते? हिशेब सोपा आहे: एक लाख लिटर. या भागात साधारण वर्षात सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरावर वर्षाकाठी सत्तर-ऐंशी लाख लिटर पाणी आकाशातून उतरते. ज्या शिवारात हजार हेक्टर जमीन आहे, तेथे केवढे पाणी येते आणि केवढे निघून जाते, याचा अंदाज यावरून करता येईल. गाव पाण्यावाचून तहानलेले राहते ते बहुधा आलेले पाणी थांबत नाही म्हणून.

जलसंधारणाचे काम करणारे लोक एक साधा नियम सांगतात. धावत्या पाण्याला चालावयास लावावे, चालत्याला थांबवावे आणि थांबलेल्याला जमिनीत मुरवावे. हे काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यावयाचे असते. कोणी घाईने पायथ्याशीच मोठा बांध घातला, तर वरून जोराने येणारे पाणी आणि गाळ त्याला फोडून टाकतात किंवा बुजवून टाकतात. म्हणून माथ्यावर आणि उतारावर प्रथम चर खणतात. दहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा एक चर खणला, तर त्यात एका वेळी १,८०० लिटर पाणी मावते. पावसाळ्यात तो दहा वेळा भरला आणि मुरला, तर १८,००० लिटर पाणी जमिनीच्या पोटात जाते. असे शंभर चर म्हणजे अठरा लाख लिटर. चरांच्या खाली, लहान ओघळींत, मिळतील ते दगड रचून अनघड दगडी बांध घालतात. त्याहून मोठ्या नाल्यात जाळीत दगड भरून बंधारा करतात. शेतात बांधबंदिस्ती करतात, शेततळी खोदतात. घरांतील सांडपाण्यासाठी शोषखड्डे करतात.

चर खणताना एक गोष्ट फार काळजीने पाहावी लागते. चराची सारी लांबी एकाच पातळीवर असली पाहिजे. तो किंचित जरी उतरता झाला, तरी साठलेले पाणी एका टोकाला धावते, तेथून फुटते, आणि पाणी अडवण्यासाठी खणलेला चर स्वतःच एक ओहोळ बनतो. उघड्या डोळ्यांना डोंगरावरची पातळी कळत नाही. तिच्यासाठी एक अगदी साधे साधन वापरतात. दोन सारख्या काठ्यांवर खुणा आखून त्यांना एका लांब पारदर्शक नळीची दोन टोके बांधतात आणि नळीत पाणी भरतात. दोन मुले एकेक काठी धरून उतारावर अंतराने उभी राहतात. पाणी आपली पातळी आपणच शोधते. दोन्ही काठ्यांवर ते सारख्याच खुणेवर स्थिर झाले, की दोन्ही जागा एकाच उंचीवर आहेत असे समजावे. तेथे चुन्याने खूण करून पुढच्या जागेकडे जावयाचे. विज्ञानाच्या पुस्तकातील एक नियम असा डोंगरावर उपयोगी पडतो. हे साधन हाताळण्यास मोठ्या पदवीची गरज नाही; शाळकरी मुलेही ते शिकू शकतात.

ही विद्या गावोगावी पोचवण्यासाठी पानी फाउंडेशन या संस्थेने २०१६ मध्ये ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ नावाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके तिच्यात होते; २०१८ साली त्यांची संख्या ७५ झाली आणि सुमारे चार हजार गावांनी भाग घेतला. प्रत्येक गावातून निवडलेली पाच माणसे प्रशिक्षणाला जात. त्यांत स्त्रियाही असत. परत आल्यावर शिकलेले ज्ञान साऱ्या गावाला द्यावयाचे, ही त्यांची जबाबदारी. स्पर्धेचा काळ होता ८ एप्रिल ते २२ मे, असा पंचेचाळीस दिवसांचा. वऱ्हाडात हे दिवस वर्षातील सर्वांत कडक उन्हाचे असतात. म्हणून लोक पहाटे किंवा सूर्य कलल्यावर डोंगराकडे निघत, आणि काही गावांत रात्रीही काम चाले. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, शहरांतून हजारो लोक श्रमदानासाठी खेड्यांत गेले. त्यांत महाविद्यालयांतील तरुण-तरुणी मोठ्या संख्येने होत्या. श्रमदानाला गुण होते, तसेच शोषखड्ड्यांना, रोपवाटिकेला आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यालाही होते.

मोताळा तालुक्यातील सिंदखेड हे गाव या स्पर्धेत उतरले. जिजाबाईंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा याच जिल्ह्यात आहे. पण ते घाटावरचे मोठे ऐतिहासिक गाव, आणि हे घाटाखालचे साधे शेतकऱ्यांचे खेडे. १२ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या बालेवाडी येथे स्पर्धेचा निकाल जाहीर झाला. साताऱ्याच्या माण तालुक्यातील टाकेवाडी पहिले आले, आणि दुसरे पारितोषिक माण तालुक्यातीलच भांडवली व मोताळ्याचे सिंदखेड या दोन गावांना विभागून मिळाले. सुमारे चार हजार गावांत वऱ्हाडातील एका खेड्याला हा मान मिळाला, तो कोणा एका श्रीमंताच्या देणगीने नव्हे. पंचेचाळीस दिवस एकामागून एक रिकाम्या झालेल्या घमेल्यांनी तो मिळवला होता.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. चर खणल्याने पाऊस येत नाही. निकाल जाहीर झाला त्याच वर्षी, अडीच महिन्यांनी, राज्यात दुष्काळ जाहीर करण्याची वेळ आली. पाऊस रुसला, तर उत्तम खणलेला चरही कोरडाच राहतो. मग इतके श्रम कशासाठी करावयाचे? याचे उत्तर असे, की पाऊस थोडा आला तर त्यातला अधिक भाग गावात राहावा आणि फार आला तर त्याने माती वाहून नेऊ नये, यासाठी. ज्या गावाने पाणी अडवले आहे, त्याच्यावर संकट येतच नाही असे नव्हे; पण त्याची विहीर शेजारच्या गावाच्या विहिरीपेक्षा काही आठवडे अधिक टिकते. पिकाच्या दृष्टीने हे काही आठवडे म्हणजे सर्वस्व असते.

मात्र पाणी अडवण्यापेक्षाही कठीण असे एक काम पुढे उभे राहते, ते म्हणजे पाणी वाटून घेण्याचे. जमिनीत मुरलेले पाणी सर्वांच्या श्रमाचे असते. परंतु एखाद्याने खोल विंधनविहीर घेतली आणि दिवसरात्र पंप चालवून उसाला पाणी दिले, तर साऱ्या गावाने साठवलेले पाणी एका हंगामात एकाच्या शेतात जाऊ शकते. चर खणताना सारे एकत्र असतात. विहिरीला पाणी लागल्यावर जो तो आपल्या बांधाकडे पाहू लागतो. अशा वेळी गावाची खरी परीक्षा होते.

या परीक्षेत उतरलेले महाराष्ट्रातील प्रसिद्ध गाव म्हणजे हिवरे बाजार. पूर्वी अहमदनगर आणि आता अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील हे गाव पर्जन्यछायेत आहे. तेथे पाऊस खामगावपेक्षा पुष्कळच कमी पडतो. दुष्काळ, भांडणे आणि व्यसने यांनी ते पोखरले होते. लोक पोटासाठी बाहेर जात होते. १९८९ मध्ये गावातील तरुणांनी पुढाकार घेऊन पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणास सरपंच केले. त्यानंतर डोंगरावर चर खणले गेले, झाडे लावली गेली. त्याबरोबरच गावाने स्वतःवर काही बंधने घालून घेतली. झाडांवर कुऱ्हाड चालवावयाची नाही, डोंगरावर गुरे मोकाट चारावयाची नाहीत, शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही, अशी ती बंधने होत. दरवर्षी पाऊस मोजून गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाणी किती आले, माणसांना व जनावरांना किती लागेल, उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घेता येतील, हे सर्वांसमक्ष ठरते. पाऊस कमी झाला, तर पिकेही कमी पाण्याची घेतात. पुढे पोपटराव पवार यांना पद्मश्री हा किताब मिळाला. हिवरे बाजारचे वैभव पाण्याने आले, पण ते टिकले ते या हिशेबाने.

झाडांच्या बाबतीत असेच एक उदाहरण वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात आढळते. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे लहानसे आदिवासी गाव आहे. गावालगतच्या जंगलात झाड असे फारसे उरले नव्हते. वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये त्या वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. हक्काचा कागद हाती आला, पण जमीन उजाडच होती. गावातील तरुणांनी पुढाकार घेतला. लोकांनी रोजगार हमीच्या कामातून खड्डे व चर खणले, रोपे लावली, वणवा लागू नये म्हणून पहारा ठेवला. हळूहळू रान सावरले. तेथील सीताफळे गावकरी एकत्र येऊन विकू लागले आणि ती मुंबईच्या बाजारापर्यंत पोचली. २०१४ मध्ये या गावाला जैवविविधतेसाठी राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. येथे दोन्ही प्रकारची कामे एकाच वेळी साधली. वाढणारे झाड हवेतील कर्बवायू आपल्या खोडात साठवते, म्हणजे गोधडी किंचित विरळ करते. आणि त्याच झाडाची मुळे पाणी व माती धरून ठेवतात.

अर्थात, पायविहीरच्या रानाने साऱ्या पृथ्वीचा ताप उतरणार नाही, हे खरे. जगातील कारखाने, वीजकेंद्रे आणि वाहने रोज जेवढा धूर सोडतात, त्यापुढे एका गावाची झाडे फार थोडी पडतात. म्हणून मोठ्या देशांनी आणि मोठ्या उद्योगांनी आपला वाटा उचललाच पाहिजे. त्यांच्याकडून तो मागण्याचा अधिकार लहान गावालाही आहे. किंबहुना ज्याने स्वतःच्या शिवारात घाम गाळला आहे, त्याच्या मागणीला अधिक वजन येते.

शहरातील मुलांना या कामात स्थान नाही, असे मात्र नव्हे. खामगावसारख्या गावात शंभर चौरस मीटरांचे एखादे छप्पर असेल, तर सातशे मिलिमीटर पावसाच्या वर्षात त्याच्यावर सत्तर हजार लिटर पाणी पडते. ते पन्हाळीतून गटारात न सोडता गाळून टाकीत किंवा विहिरीत, कूपनलिकेत सोडता येते. शाळेचे छप्पर तर याहून कितीतरी मोठे असते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या नावाने अशीच कामे गावांनी व शहरांनी करावीत, अशी योजना आहे. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस वहीत लिहिणे हेही लहान काम नाही. दहा वर्षांची अशी एक वही असली, तर पाऊस कसा बदलत आहे, हे गावाला कोणाच्या सांगण्यावाचून कळेल.

वॉटर कपची स्पर्धा २०१९ नंतर झाली नाही. त्या संस्थेने पुढे दुसरी कामे हाती घेतली. स्पर्धा माणसाला उठवून उभे करते, त्यात शंका नाही. पण ती संपल्यानंतर काय, हा प्रश्न प्रत्येक गावापुढे राहतोच. चर कायमचा नसतो. प्रत्येक पावसाबरोबर त्यात थोडी माती येऊन बसते, गवत वाढते, कडा ढासळतात. तीन-चार वर्षे कोणी पाहिले नाही, तर तो बुजून जातो, आणि पाणी पुन्हा पूर्वीच्या वाटेने धावू लागते. अनघड बांधाचे दगड निसटतात, ते पुन्हा रचावे लागतात. या दुरुस्तीला बक्षीस नसते, समारंभ नसतो, छायाचित्रही कोणी काढीत नाही. तरीही सारे काम टिकते ते याच दुरुस्तीवर.

पाऊस केव्हा यावा आणि किती यावा, हे ठरवणे कोणाच्या हाती नाही. आलेला पाऊस कोठे थांबावा, हे मात्र गावाच्या हाती आहे. ज्यांनी डोंगरावर पहिला चर खणला, ते तरुण उद्या वयाने मोठे होतील. त्या वेळी गाळ काढण्यासाठी फावडे उचलणारे दुसरे हात गावात तयार असले, तर घाटावरून धावत आलेले पाणी शिवारात क्षणभर थबकेल, मुरेल, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी दिसेल.